रेघेबाहेरचा पिवळा

७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

‘उजेड काढायचा नसतो, सोडायचा असतो.’ हे वाक्य तुला आठवतं का? तूच आम्हा दोघींना घेऊन गेला होतास. पुस्तकांच्या दुकानात आपले थोरले चित्रकार सह्या द्यायला बसले होते. आईने त्यांना विचारलं, की ‘वाटाड्या’च्या चित्रकथेत सगळं इतकं काळंभोर असताना त्याच्या हातातला कंदील तेवढा कोरा का ठेवता. त्यांनी मान वर न करता हे उत्तर दिलं. परतताना बसमध्ये आई म्हणाली, की त्यांनी सोडलाय ना, मग आपण भरू. तेव्हापासून नवा अंक आला की माझ्या हाती देण्याआधी ती पिवळ्या पेन्सिलीने त्यातले कंदील रंगवायची. बाकी काही नाही, फक्त कंदील. मला धीर नसायचा. मी शेजारी बसून पान ओढायचे, आणि पिवळा रंग रेघ ओलांडून उजवीकडे फरपटत जायचा. मग एक टपली मिळायची.

हे सगळं आज उगाळायचं कारण म्हणजे कालची आमच्या वाचक मंडळाची सभा. मी अजून भानावर नाही. फोनच करणार होते, पण तुझ्या कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि मग तू सगळ्यालाच हो म्हणत सुटतोस.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही नेहमीचेच होतो. दातांचे डॉक्टर, बस चालवणारी ताई, भूगोलाच्या बाई, लिफ्ट दुरुस्त करणारा आमचा लिफ्टवाला, आणि मागच्या बाकांवर आमच्यासारखेच आणखी काही वेडे. थोरल्यांनी आल्याआल्या खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. चित्रकाराचा चेहरा दिसला की लोक चित्र विसरतात, असं त्यांचं नवं मत आहे. मग भिंतीला उद्देशून त्यांनी सांगितलं, की ‘वाटाड्या’चे सगळे जुने अंक चुकलेले आहेत. ते नुसते कच्चे खर्डे होते, आणि आम्ही बावळट त्यांनाच डोक्यावर घेऊन नाचत राहिलो. आता ते पहिल्या पानापासून सगळं पुन्हा काढणार. नवी आवृत्ती आली की प्रत्येकाने आपले जुने अंक मंडळात जमा करायचे, लगद्यासाठी. जो घरात ठेवेल तो त्यांचा वाचक नाही.

ते जिना उतरून गेले. मग एकच कल्ला. डॉक्टर म्हणाले, की एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःची चूक दिसते, हाच मोठेपणा. बसवाली ताई म्हणाली, की मोठेपणा कसला, म्हाताऱ्याला स्वतःच्याच तरुणपणाचा मत्सर वाटतोय. भूगोलाच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. लिफ्टवाल्याने एवढंच विचारलं, की मग इतकी वर्षं आपण ज्याच्यावर जीव टाकला तो कोण होता.

तर मामा, विनंती अशी, की आपले अंक कुणालाही देऊ नकोस. सगळे अंक एकत्र, ओळीने, तुझ्या हातच्या निळ्या कापडी बांधणीत, असे दुसऱ्या कुणाकडे असतील असं वाटत नाही. आणि आईचे कंदील तर नाहीतच. तिचे कपडे आपण वाटून टाकले. तिचा आवाज मला आताशा नीट आठवत नाही. तिच्या हाताचं म्हणावं असं तेवढंच उरलंय.

मामीला नमस्कार सांग. कानाला जप. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
बुटकी

---

१३ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अनेक उ. आ.

चाळिशी उलटली तरी तुझं पत्र अजून धापा टाकतच येतं. पाणी पी आणि मग पुढे वाच, कारण पुढचं तुला आवडणार नाही. अंक मी देऊन बसलोय. तुझं पत्र पोचण्याच्या आदल्याच दिवशी.

थोरल्यांच्या सुनेचा निरोप आला होता. त्यांच्याकडे स्वतःचा एकही जुना अंक नाही. मूळ चित्रं छापखान्याच्या तळघरात ओल लागून गेली. जुनं समोर असल्याशिवाय ते चुकलं कुठे हे कसं कळणार, म्हणून बाइंडरकडे मागा, असं त्यांनीच सुचवलं. मी निघालो गठ्ठे घेऊन. हातगाडी तेवढी मागायची राहिली होती. मामी म्हणाली, की लग्नात मला आणायला निघालात तेव्हाही तोंडावर एवढा उजेड नव्हता.

त्यांची खोली बघून मी चाटच पडलो. दारातच हात धुवायला लावले. मी म्हटलं, की मी जन्मभर पुस्तकंच हाताळली आहेत. तर म्हणाले, की म्हणूनच, बाइंडरच्या हाताला खळीचा वास असतो. ते उभ्याने काढतात, कारण बसलेल्या माणसाची रेघ बसकी येते म्हणे. भिंतीवर चौफेर आरसे. मी बिचकत विचारलं, तर उत्तर आलं, की त्यांना पुरेल असा परीक्षक दुसरा मिळत नाही. टेबलावर टोक केलेल्या पेन्सिलींची रास आणि मधोमध एक कोरा कागद. निघताना सून हळूच म्हणाली, की तो कागद वर्षानुवर्षं तोच आहे. नुसती धूळ झटकतात त्याच्यावरची. सभेत आवाज चढवतात, घरात एक रेघ ओढवत नाही.

लगद्याबद्दल मी त्यांना बजावलंय. हे गठ्ठे उसने आहेत, जसे नेले तसे परत हवेत. त्यांनी मान हलवली. आरशातल्या मानेनेही हलवली, म्हणजे दोन साक्षी झाल्या.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. ताईने, तुझ्या आईने, रंगवलेल्या कंदिलांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं ते पिवळेच बघितले, की ते तसे छापूनच आलेत असं मला वाटायला लागलं होतं.

चष्म्याचं दुकान कसं चाललंय? दुसऱ्यांचे नंबर काढताना स्वतःच्या झोपेकडे बघ. आमचे आशीर्वाद आहेत, तू तेवढा राग आवर.

तुझा मामा

---

२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.



काल थोरल्यांनी नव्या आवृत्तीचं पहिलं पान दाखवलं. कापड बाजूला झालं. वाटाड्या तसाच होता. तेच झुकलेले खांदे, तीच भिजलेली टोपी. सगळं काळं-पांढरं, आणि हातातला कंदील पिवळा. आईचा पिवळा, मामा. तोच, जरासा मळका. फक्त रेघेच्या आत, इतका काटेकोर की पेन्सील कुठे थांबली तेही दिसू नये.

थोरले भिंतीला म्हणाले, की कंदील मुळात पिवळाच होता. छापखान्याने खर्च वाचवायला रंग उडवला. म्हणून त्यांनी त्या काळी काही अंक निवडक वाचकांसाठी स्वतःच्या हाताने रंगवले होते, आणि देवाच्या दयेने त्यातला एक संच एका बाइंडरकडे सापडला.

पण त्याहून मोठा धक्का पुढेच होता. डॉक्टर म्हणाले, की त्यांना लहानपणीचा पिवळा कंदील चांगला आठवतो. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, की त्यांच्या अंकातही होता, भावाने तो अंक हरवला. मागच्या बाकावरून आणखी दोघं म्हणाले, हो, होता. ही खोटं बोलणारी माणसं नाहीत, मामा. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी उभी राहिले. म्हटलं, की हा रंग माझ्या आईने भरलाय, घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर. थोरल्यांनी मागे न वळता विचारलं, की कोण बोलतंय. मी सांगितलं. ते म्हणाले, की मुलांना जगातलं सगळं आपापल्या आयांनीच केलंय असं वाटत असतं. सगळे हसले. वाईट हेतूने नाही, हसण्यासारखंच वाक्य होतं. एकटी बसवाली ताई हसली नाही. मी पुन्हा धीर करून त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, उजेड काढायचा नसतो ते. तर म्हणाले, की असलं पाणचट वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नाही, ते कुणा कॅलेंडरवाल्याचं असेल.

मामा, त्यांनी वाक्यसुद्धा नाकारलं. आई ज्याच्यावर जगली ते वाक्य.

आज दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात दुसऱ्याच्याच काचा बसवल्या. तो लावून बघून म्हणाला, की जग आज जरा बरं दिसतंय. मी आत जाऊन रडले.

आता तू ये. ताबडतोब. त्यांच्यासमोर उभा राहा आणि तुझ्या बहिणीचं नाव घेऊन सांग. तुझ्याखेरीज साक्षीदार कोणी नाही. मायेचं वगैरे नंतर लिहीन, आज सुचत नाही.

बुटकी

---

१० एप्रिल

चि. बुटकीस,
अनेक उ. आ.

जाऊन आलो. सांगायलाच गेलो होतो, वाटेत वाक्यं घोकत. सांगितलं नाही. आता का ते ऐक, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

मी आत शिरलो तेव्हा ते काढत होते. त्यांनी मला हात धुवायला लावले नाहीत, विसरले. त्या धूळ खाणाऱ्या कोऱ्या कागदाच्या जागी आता पानांची चवड आहे. आपणहून त्यांनी मला त्या पिवळ्या पेन्सिलीची हकिगत सांगितली. कुठल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली, तासताना लाकडाचा वास कसा यायचा, बोटांवर पिवळं कसं राहायचं, सगळं. बुटके, खोटं बोलणारा माणूस मला कळतो. तुझी मामी रोज मला साखर संपली म्हणून सांगते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. जे कधी घडलंच नाही ते त्याला आठवत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आणि मीच दोन महिन्यांपूर्वी तुला काय लिहिलं होतं ते आठवून दुसरा आला.

सून जिन्यापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, की निळे गठ्ठे उघडले, पहिला पिवळा कंदील बघितला, आणि पेन्सील उचलली. त्यानंतर थांबलेच नाहीत. लगद्याचं बोलणंही सोडून दिलं.

आता मी गोम सांगतो. हा रंग एका वाचक बाईने भरला हे त्यांना पटलं, तर ते पहिली गोष्ट काय करतील? परक्या हाताने आपलं चित्र बाटवलं म्हणतील आणि सगळे कंदील पुसून टाकतील. कदाचित पेन्सीलही खाली ठेवतील, पण ती त्यांची काळजी. माझी वेगळी आहे. ताईचा पिवळा रंग आज माझ्या कपाटात बंद आहे. तो दुसऱ्याच्या नावाने का होईना, शंभर घरांत जाईल, मुलं बघतील. खरं सांगितलं तर तो पुन्हा कपाटात जाईल. नाव हवं की रंग हवा, एवढाच प्रश्न आहे, आणि तो माझा नाही. ताई असती तर पोट धरून हसली असती. पण ताई नाही, तू आहेस. तू म्हणशील तर मी उद्या जाऊन सगळं सांगतो, यंत्र कानातून काढून, म्हणजे त्यांचं उत्तर ऐकायला नको.

गठ्ठे परत आलेत, एकही पान इकडचं तिकडे नाही. फक्त एक झालंय, ते मी लपवत नाही. प्रत्येक खंडाच्या पहिल्या कंदिलाखाली त्यांनी भलीमोठी सही ठोकली आहे.

जेवत जा. आशीर्वाद आहेत ते राग आला तरी परत करू नकोस.

तुझा मामा

---

१९ एप्रिल

माननीय चित्रकारांस,
सविनय नमस्कार.

मंडळात आम्ही तुम्हाला थोरले म्हणतो. तुम्हाला ते कळलंय आणि आवडतंय, असं बाइंडरमामाकडून ऐकलं. मागच्या सभेत उभी राहून मध्येच बोलली ती मीच. मामाला मी कळवलंय, की त्याने तुम्हाला काही सांगायला येऊ नये. आता मीही तो विषय काढणार नाही. कंदील पिवळेच राहू देत.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माणसाला काय दिसतं, हे त्याला विचारूनच ठरवावं लागतं, असा माझा रोजचा अनुभव आहे. मामाने गठ्ठे माझ्याकडे पाठवलेत, तुमची सही माझ्यासमोर आहे. पहिल्या दिवशी मी तिच्यावर हात ठेवून बसले होते, ती झाकली जावी म्हणून. आज हात काढलाय. रंग दिसतो, आणि खाली सही दिसते. एवढ्यावर मी आले आहे, याहून पुढे मला येता येत नाही.

तुमचं नवं पान फार सुंदर आहे. खांदे तर पूर्वीपेक्षा थकलेले, पूर्वीपेक्षा खरे. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. या जुन्या अंकांत कंदिलाचा पिवळा रेघेच्या आत राहिलेला नाही. प्रत्येक वेळी तो उजवीकडे बाहेर पडलाय, कधी नखाएवढा, कधी पार वाटाड्याच्या बाहीपर्यंत. तुम्ही रंगवत होतात तेव्हा तुमच्या शेजारी एखादं मूल बसलं असेल, तर कारण तुम्हालाही आठवेल. मुलाला पुढचं पान बघायची घाई असते. ते कागद आपल्याकडे ओढतं आणि पेन्सील घसरते. मग त्या मुलाला टपली बसते. मूल मोठं होतं, टपली मारणारा हात राहत नाही, आणि तो घसरलेला रंगच त्या दोघांचा एकत्र काढलेला शेवटचा फोटो ठरतो.

तुमची रेघ आजवर कुणी ओलांडलेली नाही, हे तुम्ही सभेत अनेकदा सांगितलं आहे. तुम्हीही ओलांडणार नाही, हे मला ठाऊक आहे. हे पत्र वाचून तुम्ही आरशाकडे बघाल, मान हलवाल आणि कागद बाजूला ठेवाल. तरी लिहिते.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. तेवढी आपली ओळख नाही, म्हणून दुसरं मागते. एवढ्या मोठ्या आवृत्तीत कुठल्याही एका पानावर, एका चौकटीत, एका कंदिलाचा पिवळा थोडासा रेघेबाहेर जाऊ द्या. उजवीकडे.

आपली,
एक वाचक