रेशमासाठी मारलेली किंकाळी

डब्यूक, आयोवा
३ मार्च १९३०

ती. ओर्फावहिनी यांस हल्डाचा सा. न. वि. वि.

रागातच लिहिते आहे. इथल्या थिएटरवर तुमच्या स्टुडिओच्या त्या खुनाच्या बोलपटाची जाहिरात लागली आहे : ‘ऐका, एका विधवेची खरी किंकाळी!’ खाली तुमचं नाव. काल चर्चबाहेर शेजारणीने सगळ्यांदेखत विचारलं, तुझ्या भावाचं मरण वहिनीने केवढ्याला विकलं गं? एमेटला पुरलं त्या दिवशी तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. तिथे बरा आवाज फुटला!

खुलासा करावा. राग आहे, पण लोभ तुटलेला नाही.

हल्डा

लॉस एंजेलिस
११ मार्च

चि. सौ. हल्डा हिस अ. आ.

तुझं पत्र शिवणखात्यात उभ्यानेच वाचलं. जाहिरातीचं मला ठाऊक नव्हतं. आता खरं ऐक.

नटीच्या मरणाच्या प्रसंगासाठी मी टॅफेटा रेशमाचा झगा शिवला होता. मायक्रोफोन फुलदाणीत लपवलेला. ती हलली की झगा असा सळसळे, जणू घराला आग लागलीय. आवाज टिपणारा म्हणाला, तुमचं कापड फार बडबडतं, आणि न विचारता कात्रीने अस्तर टराटरा फाडू लागला. मी ओरडले. अगं, काय ओरडले! फुलदाणी ऐकत होती. नटीला धड किंचाळता येईना, म्हणून माझंच ओरडणं तिच्या तोंडी बसवलं. तेव्हा मी हसले होते. ‘विधवा’ जाहिरातवाल्याने मागून चिकटवली.

तडक त्याच्याकडे गेले. म्हणाला, बाई, कापडासाठी ओरडलात म्हटलं तर तिकीट कोण काढील? मी म्हटलं, मेल्या, माझ्या नवऱ्याचं मरण तुझ्या दुकानातला माल नाही. नाव काढ, नाहीतर मी चालले. तो हसला. मी माझ्या सुया उचलल्या आणि निघाले.

एमेट गेला तेव्हा आवाज फुटला नाही, हे तू खरं लिहिलंस. अजून फुटलेला नाही. त्याची उशी रोज झटकून ठेवते, एवढंच.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

ओर्फावहिनी

डब्यूक
१९ मार्च

ती. वहिनींस सा. न.

काल त्या शेजारणीला हाताला धरून खेळाला नेलं. किंकाळीला सगळं थिएटर गारठलं. मी खो खो हसले. मागचा म्हातारा करवादला, बाई, तिथे माणूस मरतंय! मी म्हटलं, कुणी मरत नाही, माझी वहिनी कात्रीवाल्याला झापते आहे. शेजारीण खुर्चीत खाली सरकली.

दुसरं काम मिळेपर्यंत इकडे या. घरी आल्यावर मी एमेटसाठी रडले, वहिनी. तुमच्या वाटचंही रडून घेतलं.

लोभ मागत नाही. आहे, हे कळलं.

तुमची
हल्डा