पेशीची तारीख

मलकापूर

श्री. सहदेवराव यांस नमस्कार,

मी ठणठणीत आहे. “पडून राहा” हा तुमचा निरोप मिळाला. तो मी मानणार नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायामाने रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तात जास्त फिरतात. त्या स्तनातल्या गाठीवर कितपत चालून जातात, याचा अभ्यास सुरू आहे. औषध घ्यायचेच, पण चालायचेही. म्हणून इथे माहेरी रोज वच्छलावहिनीला घेऊन स्टेशनपर्यंत जाऊन येते.

वहिनीने त्यातले “पेशी” तेवढे ऐकले आणि गल्लीभर सांगितले. काल शेजारीण दारात हजर. “काऊन हो ताई, कोर्टात पेशी कवा हाय? या वयात भाऊजीवर केस केली?”

“माझे केस गेले, बाई,” म्हणत मी डोक्याचा रुमाल काढून दाखवला आणि सगळे नीट समजावले.

“हाव हाव,” ती म्हणाली, “पन वकील चांगला पाहजा.”

गाईला वेळेवर पाणी पाजता ना? तुमची खोकल्याची बाटली देवघरामागे आहे.

पुढचे सलाईन मंगळवारी, अकोल्याला. मागच्या वेळी हात फार गार पडले होते. खटला तुमच्यावर नाही, तरी तारखेला हजर राहावे.

तुमची, न ऐकणारी,
कुमुद