पडदी चार बोटं पुढे

बाबा, आज तुम्ही बनवलेल्या कयाकमध्ये, त्या एका माणसाच्या अरुंद होडीत, बसून पाहिलं. डहाणूच्या खाडीत नाही, घरामागे पडवीतच, जमिनीवर. कंबर नीट बसते, पण तळवे आतल्या पुढच्या आडव्या पडदीला लागतात आणि गुडघे वर येऊन बसायच्या तोंडाच्या काठाला घासतात. आई दारातून म्हणाली, "बेडकासारखा दिसतोयस." मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

तुम्ही ती बनवत होतात तेव्हा मी नेमका कुठे होतो, ते आता धड आठवत नाही. नववी सोडून तलासरीला ढाब्यावर लागलो, तिथून एका ट्रकवाल्याबरोबर वापी, मग घोलवडला चिकूचे क्रेट उचलायला. घोलवड म्हणजे घराला लागूनच, तरी आलो नाही. चिकूचा चीक एकदा हाताला लागला की घासूनही... असो. रिसॉर्टवाल्याची फुटकी कयाक तुमच्याकडे दुरुस्तीला आली होती, तिच्यावरून साचा काढून तुम्ही माझ्यासाठी एक उतरवलीत. माप द्यायला मी नाही, म्हणून माझी जुनी पँट आणून साच्यात पसरलीत. होड्यांना फायबर मारणारे तुमचे सोबती हसायचे, "काका, ह्यात पोरगा बसवणार की बोंबील?" तुम्ही म्हणायचात, "हसा. तोंड लहान आहे म्हणून लाट आत शिरत नाही. आणि पुढेमागे पडद्या आहेत, उलटली तरी पोटात हवा राहते. तो काय घरात टिकायचा नाही. निदान बुडणार तरी नाही."

ती पुढची पडदी कापून सरकवायची, म्हणून दुपारी बॅटरी घेऊन आत वाकलो. पडदीच्या अलीकडे, तळाला, फायबर चिकटवायच्या रेझिनच्या दोन जुन्या कडा दिसल्या, घासून सपाट केलेल्या. म्हटलं, बाबांचंही माप चुकायचं तर. आई म्हणाली, "चुकतंय कसलं! तुझा फोन आला की मी सांगायचे, आवाज फुटलाय त्याचा. झालं, हे उठले, पडदी काढली, चार बोटं पुढे बसवली. म्हणे, पाय लांबले असतील. दुसऱ्या वेळी तर तू फोनवर नुसता खोकलास."

म्हणजे मला वाढताना तुम्ही पाहिलं नाहीत, फोनवर ऐकलंत, आणि ऐकून ऐकून मला पाय पसरायला जागा करत गेलात. त्यानंतरही मी वाढलो, बाबा. तेव्हा पडदी सरकवायला तुम्ही नव्हतात. मी आलो तोवर लोक स्मशानातून परत निघाले होते.

बोट त्या कडांवरून फिरवतो आहे. पडदी कापली तर तिसरी कड माझ्या हातची होईल, आणि नाही कापली तर ही कयाक पाण्यात जाणारच नाही. आई म्हणते, "काप रे, तुझ्याच पायांसाठी केली होती." तिचं बरोबर आहे, पण तुमची पडदी माझ्याने कापवत नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं तुम्हालाच सांगतो. आईला मी सांगितलंय की डहाणूत रेझिन संपलंय, वाणगावला बघून येतो. रेझिनचा डबा दुपारच्या आधीच आणलाय. माझ्या पिशवीत आहे, कपड्यांखाली.