मागच्या जिन्यांची वाटणी

मी, रिज्क अय्याद बखीत, वय सदुसष्ट, धंदा घरोघरचा कचरा उचलणे व निवडणे, राहणार मुकत्तम टेकडीचा पायथा, कैरो, हे मृत्युपत्र लिहवून ठेवत आहे. माझी छाती बिघडली आहे, डोकं बिघडलेलं नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला कोणीतरी जवळ येऊन बसावं लागतं, आणि खालची धूळ सोसत नाही म्हणून मला वरच्या खोलीत बसवल्यापासून इथे कोणी फारसं बसत नाही.

लिहिणारे लबीब मास्तर चर्चच्या शाळेत शिकवतात. मी बोलतो, ते लिहितात. काही वाक्यं मृत्युपत्रात शोभत नाहीत असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, मास्तर, शोभेचं तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्रात लिहा. तेव्हापासून ते गुपचूप लिहीत आहेत.

पहिलं कलम घराचं. घर मी आणि माझी बायको शफीका, आम्ही दोघांनी बांधलं, जमेल तसा एकेक मजला चढवत. वरचे दोन मजले मुलगा नसीम आणि मुलगी दमियाना यांना निम्मे निम्मे. तळमजला, म्हणजे माल निवडायची जागा, एकट्या दमियानाची. त्यावर नसीमने हक्क सांगू नये. तसाही तो तिथे आला की नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहतो.

प्लास्टिक दळायचं यंत्र दमियानाला. माझा पुतण्या अतिया याने आपला माल पूर्वीप्रमाणे तिथे दळून घ्यावा, पण धुऊन आणावा आणि झाकणं वेगळी करून आणावीत. हे मी त्याला जिवंतपणी पुष्कळदा सांगितलं. मेल्यावर तरी ऐकेल अशी आशा आहे.

गच्चीवरची डुकरं दमियानाला. डुकरांबद्दल दोन शब्द जास्त लिहा, असं मी मास्तरांना सांगितलं आहे. डुकरांच्या तापाची साथ आली त्या साली सरकारने आमची सगळी डुकरं नेऊन मारली. शहराचं खरकटं खाणारं कोणी उरलं नाही, तेव्हा वस्तीतल्या बऱ्याच जणांनी ओला कचरा उचलणंच सोडलं. बाटल्या, डबे, पुठ्ठा घ्यायचा आणि ओलं तिथेच टाकून यायचं. शहराला वास सुटला, तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांना आमची आठवण झाली. मी ओलं उचलणं सोडलं नाही. शेळ्यांना घातलं, खताला घातलं, जे उरलं ते स्वतः नेऊन पुरलं. लोक मला वेडा म्हणत. पुढे हळूहळू डुकरं परत आली, पण ओलं सोडायची सवय बऱ्याच जणांची गेली नाही. अतिया त्यांतलाच एक.

आता एक राग नोंदवायचा आहे. झमालेक या श्रीमंतांच्या भागात कचरा उचलायला माझ्याकडे ज्या इमारती आहेत, त्यांतल्या कोपऱ्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक दवाखाना होता. त्या दवाखान्याच्या पिशवीत टरबुजाच्या साली, चहाचा चोथा आणि टोचायच्या सुया एकत्र असत. मी तिथल्या पोरींना हात जोडून सांगितलं होतं की सुया डब्यात घालून वेगळ्या द्या, आमच्या घरी बायका हाताने निवडतात. त्या म्हणाल्या, देऊ हं काका, आणि एकमेकींकडे बघून हसल्या. शफीकाला सुई लागली ती तळहाताला. तिने हात धुतला, चिंधी बांधली आणि कामाला बसली. यकृत गेलं ते पुढे काही वर्षांनी, आणि डॉक्टरांनी विचारलं, कधी काही टोचलं होतं का. शफीकाने तळहात पुढे केला. तो दवाखाना आता बंद आहे, पण दुसरा निघेल. माझ्यामागे जो कोणी त्या इमारतींचे जिने चढेल त्याने दवाखान्याची पिशवी उघडून बघितल्याशिवाय उचलू नये. ही विनंती नाही, अट आहे.

ती गेल्यापासून मी घरात मोठ्याने फारसा बोललो नाही. आज मास्तरांशी बोलतोय तेवढं बहुधा वर्षभरात बोललो नसेन. म्हणून थोडं लांबलं तर त्यांनी राग मानू नये.

मुलगा नसीम याच्याविषयी. तो कचरा उचलणाऱ्या एका मोठ्या कंपनीत गाडी चालवतो. ती गाडी ओलं, सुकं, काच, कापड, सगळं एकत्र दाबते आणि वाळवंटातल्या खड्ड्यात नेऊन ओतते. एकदा दाबलं की त्यातून काही म्हणजे काही निवडता येत नाही. नव्या शहरात इमारती इतक्या भराभर उठल्या आहेत की एकेका गल्लीचा कचरा आमच्या अख्ख्या वस्तीला पुरला असता, आणि तो सगळा असा मातीत जातो. यावरून आम्हा बापलेकांचं वाजलं. तो म्हणतो, बाबा, जग पुढे गेलं. मी म्हणतो, पुढे गेलं आणि मागचं सगळं पुरून गेलं.

हा राग मी मनात ठेवला नसता. पण गेल्या वर्षी ईस्टरला मी फत्त्याचा, म्हणजे पाव-भात-मटणाचा, डबा घेऊन त्याच्या वसाहतीच्या फाटकाशी गेलो. फाटकावरच्या माणसाने आत फोन केला. नसीम चपला घालून बाहेर आला, डबा घेतला, आणि आम्ही उन्हातच उभं राहून बोललो. घरात चल म्हणाला नाही. मी निघताना खाली बघत म्हणाला, "बाबा, इथे सगळ्यांना मी सांगितलंय की तुम्ही ट्रक चालवायचात." मी म्हटलं, बरं. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईने मला खिडकीची जागा दिली.

नसीमला निम्मं घर दिलंच आहे. शिवाय माझं घड्याळ आणि चांगला कोट द्यावा. तो मुलगा आहे, आणि मी त्याच्यावर अजून जीव टाकतो.

आता मुख्य कलम. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

माझ्या मालकीची सगळ्यात मोठी वस्तू कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. ती म्हणजे माझे जिने. झमालेकच्या जुन्या इमारतींना मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना असतो, आणि तो प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी जातो. पाठीवर टोपली घेऊन पहाटे त्या जिन्याने चढायचं, दार वाजवायचं, पिशवी घ्यायची, वरच्या मजल्यावर जायचं. एका माणसाच्या जिन्यावर दुसरा चढत नाही, हा वस्तीतला कायदा आहे आणि तो सगळे पाळतात. जिने बापाकडून मुलाकडे जातात. मुलगा नसेल तर पुतण्याकडे. बायकांनी जिने चढायचे नाहीत, त्यांनी खाली निवडायचं, हाही रिवाज आहे. पोरी लहान असताना गाडीवर बसून येतात, मोठ्या झाल्या की आपण त्यांना घरी बसवतो. दमियानाला मीच बसवलं. ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

अतियाला वाटतं, जिने त्याचेच. नसीमलाही ते हवे आहेत, पण चढायला नाही. त्याच्या कंपनीला ते बंद करायचे आहेत, म्हणजे लोक खाली उतरून कोपऱ्यावरच्या मोठ्या डब्यात टाकतील. मी त्याला म्हटलं, पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाने गुडघे धरत खाली यायचं का? तो म्हणाला, त्यांच्याकडे नोकर असतात. सगळ्यांकडे नसतात, हे कचरा बघणाऱ्याला कळतं. एका माणसापुरतं अंड्याचं कवच, एका माणसापुरती चहाची पुडी.

दमियानाने दोनदा जिने मागितले. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा चिडलो. म्हटलं, लोक काय म्हणतील, परक्यांच्या दाराशी पहाटे एकटी बाई? ती म्हणाली, "बाबा, त्यांच्या घरात कोण आजारी आहे, कोण उपाशी झोपतं, कोण चोरून पितं, सगळं मला इथे खाली बसून ठाऊक आहे. फक्त दारं बघितलेली नाहीत."

मग मागच्या हिवाळ्यात माझी छाती भरली आणि मी अंथरुणाला खिळलो. तेवढ्या दिवसांपुरते जिने अतियाकडे दिले. त्याने काय करावं? बाटल्या नि पुठ्ठे उचलले आणि खरकट्याच्या पिशव्या जिन्यावरच ठेवल्या. मांजरांनी त्या फाडल्या. तिथल्या एका इमारतीचा दरवान इद्रीस याचा निरोप आला की लोक कंपनीला बोलावायच्या बेतात आहेत. कंपनी एकदा आत आली की जिने कायमचे गेले असते. दुसऱ्या दिवशी पहाटे दमियानाने माझा पायघोळ झगा, माझी गलबिया घातली, माझं फडकं डोक्यातोंडाला गुंडाळलं, माझी टोपली पाठीला लावली आणि गेली. मला विचारलंसुद्धा नाही. मी वरून गाडीचा आवाज ऐकत पडून राहिलो.

सगळा हिवाळा ती गेली. ओलं, सुकं, सगळं आणलं. पिशवी कशी घ्यायची हे तिला मी शिकवलं नव्हतं, तिचं तीच शिकली. रोज परत आली की ती वर येऊन मला सांगायची, आज अमक्याने विचारलं, तमक्याने विचारलं. पाचव्या मजल्यावर नाझली हानम, म्हणजे नाझली बाईसाहेब, राहतात, एकट्याच. गेली कित्येक वर्षं त्या दाराआडून माझ्याशी बोलायच्या, गुडघ्याबद्दल, लंडनच्या मुलाबद्दल, महागाईबद्दल. मुसलमान असल्याने डुकरांचं नाव न काढता त्यांच्यासाठी साली वेगळ्या बांधून द्यायच्या. आमची मैत्री होती असं मी धरून चाललो होतो. दमियाना सांगायची, "हानमनी आज विचारलं, रिज्क कसा आहे, लवकर बरा हो म्हणावं." हे ऐकून मला बरं वाटायचं. मी त्या निरोपाची वाट बघत सकाळ काढायचो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी जरा बरा झालो आणि एक दिवस हट्टाने स्वतः गेलो. पहिल्या मजल्यावर दार थोडं उघडलं, हात बाहेर आला, पिशवी हातात आली, दार बंद. दुसऱ्या मजल्यावर तेच. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी मला झापलं की काल तू जिन्यावर रस्सा सांडलास. काल मी अंथरुणात होतो. मी म्हटलं, चुकलं साहेब. पाचव्या मजल्यापर्यंत चार वेळा बसलो. नाझली हानमनी दार किलकिलं केलं, सालींची पिशवी दिली आणि कालच्या बोलण्याचा धागा पुढे चालवावा तशा गुडघ्याबद्दल बोलू लागल्या. कुठे होतास, असं विचारलं नाही. मी गेलोच नव्हतो, त्यांच्या लेखी. मी हो हो म्हणत ऐकून घेतलं आणि खाली उतरलो.

जिन्यावरच माझ्या डोक्यात लख्ख झालं. हानमनी रिज्क कसा आहे असं विचारणं शक्यच नव्हतं. त्यांना माझं नाव ठाऊक नाही. त्या इमारतींत कोणालाच नाही. सगळे मला कचरेवाला म्हणतात, चांगल्या मनाचे काका म्हणतात. निरोप सगळे माझ्या पोरीने मनाने रचले होते, म्हातारा एकटा पडलाय म्हणून. मी तिला हे आजवर बोललो नाही. आता मृत्युपत्र वाचलं जाईल तेव्हा तिला कळेल. पोरी, मला ठाऊक होतं. तरी उद्या काय निरोप येतो याची मी वाट बघायचोच.

मास्तर थांबले आहेत. लिहा मास्तर.

तर माझे सगळे जिने, इमारतींसकट, ओल्यासकट आणि वरच्या मजल्यांसकट, मी दमियाना रिज्क हिला देत आहे. अतिया आणि वस्तीतली वडीलधारी मंडळी म्हणतील, बाईने जिने चढणं लोक खपवून घेणार नाहीत. त्यांना माझं उत्तर असं की लोकांनी सगळा हिवाळा खपवून घेतलं. आजारी म्हातारा गेला आणि धडधाकट बाई आली, तरी एकाही दारातून हूं की चूं झालं नाही. त्या दिवशी मला याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मुलीच्या बाजूने याहून मोठी साक्ष मी कुठून आणणार? अतियाला जिने हवेच असतील तर त्याने तिच्या हाताखाली टोपली उचलावी आणि ओलं उचलायला शिकावं.

शेवटची सूचना दमियानाला. गलबिया माझी घालू नकोस, आपले कपडे घाल. पहिल्या दिवशी दार वाजवलंस की हात बाहेर येईल. पिशवी लगेच घेऊ नकोस. थांब. हात तसाच राहिला की माणूस दार उघडून बघतो. दार पुरतं उघडलं की तोंडावरचं फडकं खाली घे आणि सांग, मी दमियाना रिज्क, तुमचा कचरा इथून पुढे मी नेणार. कोण रिज्क, असं ते विचारतील. सांग, माझे वडील, इतकी वर्षं तेच येत होते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही: रिज्क अय्याद बखीत

साक्षीदार:
१. लबीब हन्ना तादरूस, शिक्षक. (लिहिणाराही मीच.)
२. वदीअ सिद्हुम, पुठ्ठ्याचा व्यापारी, शेजारी.

स्थळ: मुकत्तम, कैरो
दिनांक: ४ नोव्हेंबर २०१८