न कापलेला कोंब

ॲबरिस्टविथ, १२ जुलै १९५८

ती. विनीआत्यास हेस्टरचे सा. न. वि. वि.

लोकरी मोजे मिळाले. जुलैत मोजे पाठवणारी आत्या फक्त माझीच, असं मी घरमालकीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तिला वेल्सची हवा ठाऊक दिसते. पाऊस आहेच. कॉलेजातलं काम बरं चाललंय, मुलं मला बाई न म्हणता काटेरीबाई म्हणतात. ही तुझीच कृपा.

आता खरी गोष्ट, जी लिहायला हात धजत नाही. इथल्या एका पाद्रीबुवांनी सत्तर वर्षांपूर्वी ब्लॅकबेरीच्या एका जातीला नाव दिलं होतं, ती मला डोंगरावरच्या चॅपेलमागे सापडली. आत्या, ती आणि आपल्या घराच्या कुंपणातली, तू नवी जात म्हणून माझ्या नावाने छापलेली रुबस हेस्टेरी, या दोन नव्हेत, एकच आहेत असं मला वाटतंय. फुलांत काडीचा फरक नाही. पण ब्लॅकबेरी ओळखायची तर दुसऱ्या वर्षाची फुलांची फांदी हवी, तसा पहिल्या वर्षाचा नुसत्या पानांचा कोंबही हवा, हे तूच घोकून घेतलंस. म्हणून नाव देताना तू वाळवून ठेवलेला मूळ नमुना मी लंडनहून कॉलेजात मागवून घेतला. कागदावर फांदी आहे, कोंब नाही. तो वेगळा ठेवला आहेस का?

एकच निघाली तर आधी छापलेलं नाव खरं, आणि तुझं बुडालं. माझं चुकत असेल तर कान धर. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
हेस्टर


लंडन, १७ जुलै

चि. हेस्टरस अनेक आशीर्वाद.

तुझा कान धरायला माझा हात तिकडे पोचत नाही म्हणून पत्र. सावलीत वाढलेली ब्लॅकबेरी सगळी सारखीच दिसते, हे तुला कुणी शिकवलं नाही वाटतं. तुमच्या वयाला नावं बुडवण्याची भारी हौस. कोंब वेगळा ठेवलेला नाही. त्या दिवशी घेतला नाही, बस.

आपला तो बाब्या म्हणून मी बोलत नाही. ते नाव छापून येईपर्यंत इथल्या वनस्पतिसंग्रहालयातले साहेबलोक मला नमुने कागदावर चिकटवायला बसवत. छापून आलं आणि खिडकीजवळचं टेबल मिळालं. त्याच टेबलावर आयुष्य गेलं, आणि त्या आयुष्याचं पुस्तक आता छापखान्यात आहे. तुझे बाबा आजही येईल त्या पाहुण्याला कुंपणापाशी नेऊन ही आमच्या मुलीची म्हणून दाखवतात. त्यांना काय सांगणार आहेस?

मोजे घालत जा. बाकी क्षेम.

विनीआत्या


ॲबरिस्टविथ, २१ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, हे लपवत नाही. आमचे प्राध्यापक म्हणतात, चार ओळींचं टिपण लिहा, मी छापून आणतो. मी नाही म्हटलं. आत्याचं नाव बुडवायला जग पडलंय, मला कशाला हवंय? शिवाय ते माझंच नाव. शाळेत मुली चिडवायच्या की हिच्या नावाने काटे उगवतात, तेव्हा मला केवढा ताठा यायचा.

मात्र तुझ्या पुस्तकात ते पान तसंच राहिलं, तर उद्या कुणी परका येऊन बोट ठेवेल. ते मला सोसणार नाही. चॅपेलमागचा कोंब वाळवून ठेवला आहे. मागितल्याशिवाय पाठवणार नाही.

तुझीच,
हेस्टर


हेरफर्डशर, ३ ऑगस्ट

चि. हेस्टरस अनेक आशीर्वाद.

पत्ता बघून दचकू नकोस. दादाकडे आले आहे. येण्याआधी तुझं पत्र बरेच दिवस उशाशी ठेवून पाहिलं, झोप काही येईना.

काल सकाळी दादा चर्चसाठी रविवारचं प्रवचन लिहीत होता तेव्हा सुरी घेऊन कुंपणाकडे गेले आणि पहिल्या वर्षाचा कोंब कापला. पाद्रीबुवांनी छापलेलं वर्णन शेजारी ठेवून काटे पाहिले, पानाची खालची लव पाहिली. तुझं बरोबर आहे, पोरी. मी चुकले होते. तुझा कोंब पाठवू नकोस, मला गरज नाही.

छापखान्याला ते पान थांबवायला लिहिलं आहे. टिपण तूच लिहायचंस, माझ्यासाठी थांबायचं नाही. मला वाईट वाटतं का? वाटतं. टेबल कुणी परत मागणार नाही, तरी वाटतं. दादाला मीच सांगितलं. तो म्हणाला, कुंपण तर तिथेच आहे ना, आणि पाहुण्याला घेऊन बाहेर गेला. काय सांगितलं ते ऐकायला मी मागे गेले नाही.

एक लक्षात ठेव, आपल्या धंद्यात बुडालेलं नाव पुसत नाहीत. खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात कायम छापतात.

आशीर्वाद आहेतच.
विनीआत्या


ॲबरिस्टविथ, ९ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

टिपण लिहिलं, सोबत पाठवते. खाडाखोड कर. प्राध्यापक एका जागी अडले आहेत. ते म्हणतात, मूळ नमुन्यात कोंब नसल्यामुळे हा घोटाळा झाला, तर तो का घेतला नाही याचं कारण द्यायला हवं. इतक्या काटेकोर बाईंकडून असं कसं झालं, असं विचारतात. मी काय लिहू?

तुझी,
हेस्टर


लंडन, १३ ऑगस्ट

चि. हेस्टरस अनेक आशीर्वाद.

टिपण चांगलं आहे. दुसऱ्या ओळीतला 'कदाचित' काढ, खात्री असताना लाजू नये.

प्राध्यापकांसाठी लिही की कारण नोंदलेलं नाही. ते खरंच आहे.

तुझ्यासाठी सांगते. तो तुझ्या बाप्तिस्म्याचा दिवस होता. चर्चमध्ये तू असा टाहो फोडलास की वहिनीने तुला माझ्याकडे दिलं आणि मी बाहेर पडून शेजारीच आपल्या घराच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिले. फूल दिसलं. फुलांची फांदी एका हाताने मोडता येते. कोंब जाड, त्याला एका हाताने धरून दुसऱ्याने सुरी चालवावी लागते. तू नुकतीच झोपली होतीस, आणि मी तुला खाली ठेवलं नाही.

तुझी,
विनीआत्या