एका वेळी एकानेच बोलायचं

१९ जुलै

ताई,

नमस्कार नंतर, आधी रागावून घे. मी फोन उचलत नाही म्हणून तू भाऊजींपाशी माझ्या नावाने खडे फोडतेस, हे कळलंय मला. "हल्ली ती भाव खाते," असंही म्हणालीस म्हणे. सांगते त्याचं, जरा दम धर.

आई मजेत आहे. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवते.

शाळेत माझं कौतुक झालं. नववीच्या ऑनलाइन वर्गाला मी संवादकौशल्य शिकवते ना, तिथे नियम घातले होते. पडद्यावरचं हात वर करायचं बटण दाबायचं, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि आपलं घोडं पुढे दामटण्याआधी आधीचा काय म्हणाला ते चॅटमध्ये लिहायचं. मुलं वैतागली. वर्गातल्या एका बडबडीला सगळे रेडिओ म्हणतात. ती म्हणाली, "बाई, हा वर्ग आहे की पोस्ट ऑफिस?" आता तीच दुसऱ्याचं पुरतं ऐकून मग तोंड उघडते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मुलांना ऐकून घ्यायला शिकवलंत. इतर शिक्षकांनाही दाखवा."

मी मान डोलावली आणि घरी येऊन रडले.

ताई, ते नियम मुलांसाठी नव्हतेच. मला कमी ऐकू येतं. एकाचं बोलणंही अर्धंमुर्धंच कळतं, दोघं एकदम बोलले की नुसता गोंगाट. चॅट वाचून मी वेळ मारून नेत होते. तुझा फोनही त्यामुळेच टाळला. नोकरी जाईल या धास्तीने कुणापाशी बोलले नाही.

काल सगळे शिक्षक वर्ग बघायला आले. पाहुण्यांनी मध्ये लुडबूड करू नये म्हणून मी शहाणीने चॅटच बंद करून ठेवलं! मग घाबरून ते पुन्हा चालू कुठून करायचं तेच सापडेना. रेडिओचे ओठ हलत होते. मी हसून "छान!" म्हटलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. तिने प्रश्न विचारला होता.

 शेवटी सांगून टाकलं, सगळ्यांदेखत. "मला नीट ऐकू येत नाही."

रेडिओ उठून गेली. परत आली ती पाठकोरा कागद घेऊन. जाड अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरला, "बाई, आता कुणाची पाळी?" दुसऱ्या चौकटीत एकाने वही धरली, "माझी. लिहून दाखवतो." मग सगळ्यांचीच कागदासाठी धावाधाव. तास पूर्ण झाला, ताई! मुख्याध्यापिकाबाईंनी फोन केला नाही, लिहून पाठवलं, "कानाचं यंत्र बसवून घ्या. वर्ग तुमच्याकडेच राहील. नियमही तेच ठेवा."

कसलं ओझं उतरलं म्हणून सांगू! दुपारी आडवी झाले ती थेट दिवेलागणीला उठले.

गुरुवारी यंत्र बसवायचं आहे. त्या दिवशी ये. कान उघडले की पहिला आवाज मला तुझा हवा आहे.

आता काही न लपवणारी,
तुझी धाकटी