गोळीविरुद्ध गाजलेलं भाषण

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार. (खाटेवरच पालथं पडून घातला आहे; विचारल्याशिवाय खाली उतरायला सिस्टरची मनाई आहे.) गुडघे काय म्हणतात? मांजर परत आलं का? तुझं पत्र आजच मिळालं. माझं मागचं पत्र वाचून तू फिटच्या गोळ्या बंद केल्यास आणि पेटीच्या तळाशी टाकल्यास, हे वाचून माझं धाबं दणाणलं. एवढा शिकलासवरलेला भाचा उगाच लिहील का, असं तू विचारतेस. आत्या, उगाचच लिहिलं होतं.

भर सभेत मला फिट आली, हे तुला कळलंच आहे. शुद्धीवर आलो तेव्हा अध्यक्षांनी हुंगायला धरलेला बूट माझ्या नाकाशी होता. (आयुष्यभर अंधश्रद्धेवर आसूड ओढले, त्याचं हे मानधन!) इथे दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या आणि जीभ जड झाली. शब्द ओठांपर्यंत येऊन बसकण मारू लागले. ज्याने तोंडाच्या जोरावर जन्म काढला, त्याच्याच तोंडाला कुलूप! मी पेटलो. सकाळी औषधं वाटायच्या वेळी खाटेवर उभा राहून गरजलो, की सगळेच साखळदंड लोखंडाचे नसतात, काही पाण्याबरोबर गिळायला देतात! वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. सिस्टर एवढंच म्हणाली, "आधी खाली बसा, पडाल." बसलो, पण विजयी मुद्रेने. त्याच धुंदीत तुला ते पत्र लिहिलं.

शेजारच्या खाटेवर एक रंगारी आहे. पुन्हा शिडीवर कधी चढता येईल, हाच त्याचा ध्यास. माझं भाषण त्याला इतकं पटलं, की गोळ्या घेतल्यासारखं करून तो त्या उशीच्या अभ्र्यात साठवू लागला. काल चहा पिता पिता त्याची मान वळली, कप हातातून सुटला आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. आत्या, फिट मला येते, पण ती दिसते कशी हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी काय केलं? चमचा घेऊन त्याच्या दातांवर चाल करून गेलो, वर "धीर धरा, बंधो!" असं ओरडलो. तेवढ्यात सिस्टर पोचली. "चमचा ठेवा. त्यांना ऐकू येत नाहीये. पडदा ओढा." मी पडदा ओढला. (माझ्या सार्वजनिक जीवनातलं पहिलं उपयोगी काम.) तिने त्याला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, डोक्याखाली चादरीची घडी सरकवली. हातपाय दाबून धरले नाहीत, तोंडात काही घातलं नाही, नजर घड्याळावर. झटके थांबेनात, तेव्हा डॉक्टरांना बोलावून शिरेतून औषध दिलं. तो निवला. मग तिने लाळ पुसली, ओले कपडे बदलले, आणि त्याने डोळे उघडताच हळूच सांगितलं, की दवाखान्यातच आहात, फिट येऊन गेली, मी इथे आहे. हे सगळं त्याची बायको भेटायला यायच्या आत! मोठमोठ्या सभा हलवणारा मी, पण कुणाची अब्रू इतक्या हळुवार हातांनी झाकलेली मी पाहिली नव्हती.

आता माझी खरडपट्टी निघणार, असं वाटलं. सिस्टर म्हणाली, "बोलता छान. आता उलट बोला." बोललो. सुस्तीचं डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. पण आपल्या मनाने गोळी तोडू नका. अडखळत बोललो, एक टाळी पडली नाही. रंगाऱ्याने मात्र पाण्याचा पेला उचलला.

तुझा, हल्ली जरा सावकाश बोलणारा,
भाचा

ता. क. पेटीतल्या गोळ्या काढून एकदम घेऊ नकोस. या पत्राची घडी घालायच्या आत तुझ्या डॉक्टरांना फोन कर. पुन्हा कशी सुरुवात करायची ते विचार. तोवर शेगडीपाशी एकटी उभी राहू नकोस, न्हाणीघराला आतून कडी लावू नकोस.

आणखी एक. उजव्या हाताने हे पत्र लिहीत होतो, तेव्हा डाव्या मुठीत माझी आजची गोळी होती. (सुटी मिळताच कामगारांची सभा आहे, जीभ हलकी हवी होती.) सिस्टर म्हणाली, "लिहून झालं असेल तर मूठ उघडा." उघडली. गोळी घामाने विरघळत आली होती. तिने ती टाकली, नवी दिली आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. आत्या, तुझ्यासमोर असं उभं राहायला तिथे कुणी नाही. तेव्हा हे पत्र पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं कर, आणि डॉक्टर सांगतील ती गोळी त्याच्यासमोर घे.